वीतभर माती

मागच्या खिडकीतून खाण दिसते, म्हणून भिंगरी रांगायला लागली त्याच दिवशी मी मागच्या दाराला दोन कड्या बसवून घेतल्या. एक वर आणि एक त्याच्याही वर. भिंगरी म्हणजे माझी मुलगी. एका जागी म्हणून ठरत नाही, त्यामुळं सासऱ्यांनी ठेवलेलं नाव. नवरा कड्या बघून हसला. "अगं, मध्ये आख्खी गल्ली आहे, कुंपण आहे, त्यापुढं माळ आहे. ही काय उडत जाणार आहे खाणीत?"

"आज माळ आहे," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी?"

पुढच्या वर्षी तो माळ फुटायचा होता. खाण माझ्या सासऱ्यांची. पलीकडच्या बाजूचा चांगला दगड संपत आला होता, राहिला होता तो गल्लीच्या बाजूचा पट्टा. तो फोडायची परवानगी मिळवायला दोन गोष्टी लागणार होत्या. एक म्हणजे गल्लीतल्या लोकांची संमती. दुसरी म्हणजे दगड संपल्यावर ही जमीन पुन्हा जमिनीसारखी कशी करणार याचा आराखडा, आणि त्या कामाला जेवढा खर्च येईल तेवढी अनामत खनिकर्म कार्यालयात आधीच भरायची. मालक उद्या खड्डा टाकून पळाला, तर त्या पैशातून सरकारला काम करून घेता यावं म्हणून.

आराखडा मी केला. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली, आणि लग्नानंतर ते शिक्षण फोडणीच्या वासात विरून जाईल असं माझ्या आईला वाटत होतं. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून मी आणि नवरा बसायचो. उभे कडे कुठं उतरते करायचे, तळात मुरूम किती भरायचा, त्यावर मातीचा थर किती जाड, कुठल्या उतारावर गवत आणि कुठल्या उतारावर मुळं धरून ठेवणारी झाडं. तो आकडे सांगायचा, मी मांडायची. खड्ड्याच्या मध्ये राहणाऱ्या तळ्याभोवतीचं कुंपण मी नियमापेक्षा उंच धरलं तेव्हा सासरे म्हणाले, "इंजिनीअर, कुंपण घालतेस की तुरुंग बांधतेस?" पण खोडलं नाही त्यांनी. मला ते फार बरं वाटलं होतं.

या सगळ्यात महाग असते ती माती. दगडाला हात घालायच्या आधी वरची माती सोलून काढावी लागते. शहाणा खाणवाला ती फेकत नाही, विकत नाही. एका बाजूला ढीग घालतो आणि ढिगावर गवत पेरतो. म्हणजे ती वाऱ्यानं उडत नाही, पावसानं वाहत नाही, आणि आतून मरतही नाही. खाण संपली की हीच माती परत पसरायची. आमच्या माळाची माती सासऱ्यांनी परवानगीची वाट न बघता सोलून घेतली तेव्हा मला सातवा महिना होता. पोटावर हात धरून मी उभी राहिले होते आणि कुठली ट्रॉली कुठं रिकामी करायची ते सांगत होते. काळी, भुसभुशीत, मुळांच्या केसांनी भरलेली माती. मग माझा रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं, आणि मी आईकडे गेले. परत आले ती मांडीवर भिंगरीला घेऊनच.

त्या दिवशी नवऱ्यानं गाडी घराकडे न नेता सरळ ढिगाकडे नेली. ढीग हिरवागार होता. मी सांगितलेलंच गवत, मी सांगितल्यासारखं दाट पेरलेलं. मला एकदम रडू फुटलं. भिंगरीला माझ्याकडून घेत तो म्हणाला, "रडतेस काय? ढीग आहे, राजवाडा नाही."

तेव्हापासून त्या गवताला पाणी मी घालायची. आणि ढिगाला कुणी हात लावायचा नाही हा सासऱ्यांचा कायदा. एकदा एका डंपरवाल्यानं कुंड्यांसाठी घमेलंभर माती मागितली तर त्यांनी त्याला सगळ्यांसमोर झाडलं, "ती माती माझी नाही, पुढच्यांची आहे." हा किस्सा मी गल्लीत घरोघरी सांगितला. संमतीसाठी फिरत होते ना मी. शिवणकाम करणाऱ्या काकू, ज्यांचं घर माळाला अगदी लागून आहे, त्या मशीनचं चाक थांबवून म्हणाल्या होत्या, "असं म्हणाले? वा!" आणि पुन्हा पाय मारायला लागल्या होत्या. सही मात्र कुणीच करत नव्हतं. कार्यालयानं ठेवलेल्या सभेत बघू, म्हणायचे.

कार्यालयाचे साहेब येऊन ढीग मोजून गेले. खिशात पेन नसेल एक वेळ, पण टेप असतेच, म्हणून खाणीवर सगळे त्यांना टेपसाहेब म्हणतात. त्यांनी भोवताली टेप फिरवली, वर चढून उंची घेतली, बुटाला लागलेलं गवत झटकलं. "माती जागेवर आहे. मग विकत आणायचा खर्च शून्य धरू." त्या एका शून्यानं अनामत निम्म्याहून खाली आली. सासरे खूश होते. मीही खूश होते. माझ्याच ढिगानं घरचे पैसे वाचवले होते.

सभेच्या दिवशी सकाळी मला एक कल्पना सुचली. लोकांना कागद दाखवून काय उपयोग? रोपं दाखवावीत. ढिगातल्या मातीत लावलेली चार रोपं टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, बघा, दोन वर्षं झाली तरी माती जिवंत आहे. सासऱ्यांचा कायदा आठवला, पण वाटलं, या कामासाठी चार मुठी घेतल्या तर तेही नाही म्हणणार नाहीत. खुरपं आणि पिशव्या घेतल्या, भिंगरीचं बोट धरलं आणि गेले.

गवताचा गड्डा उचलला. खाली काळी माती. खुरपं आत घातलं, वीतभर गेलं, आणि खर्रकन आवाज आला. वर निघाली ती राखाडी पूड. खडीमशीनखाली साचते ती दगडाची कच.

ढिगाची कड असेल, म्हटलं. थोडी वर चढले. गवत, वीतभर माती, कच. माथ्यावर गेले. तेच. पलीकडच्या उतारावर तेच. प्रत्येक ठिकाणी आधी मला बरं वाटायचं, कारण वर काळीच माती निघायची, आणि मग तो खर्र आवाज. शेवटी मी खुरपं टाकून हातानंच उकरायला लागले. हात कोपरापर्यंत आत गेला, तरी कचच.

"आई, पीठ!" भिंगरी ओरडली. मी पहिल्यांदा खणलेल्या जागी ती फतकल मारून बसली होती आणि कच हवेत उधळत होती. ती पूड छातीत गेली की काय होतं ते मी वाचलेलं आहे, नको तितकं वाचलेलं आहे. धावत जाऊन तिला उचललं, नाक पुसलं, तोंड पुसलं, पुन्हा नाक. ती रडायला लागली. मला तिच्याकडे बघून रडायची सोय नव्हती.

नवरा काट्यावर होता, म्हणजे जिथं भरलेले डंपर तोलतात त्या खोलीत. मी तशीच गेले. त्यानं माझे हात बघितले आणि पहिलं वाक्य काय बोलला? "तुला कुणी सांगितलं होतं खणायला?"

ढिगाला काय झालं, असं नाही. तुला काय झालं, असंही नाही.

"माती कुठं आहे?" मी विचारलं.

"हळू बोल. बाहेर ड्रायव्हर आहेत."

"कुठं आहे माती?"

त्यानं दार लोटून घेतलं. "विकली. तू आईकडे होतीस तेव्हा. पलीकडे नवे बंगले झाले ना, त्यांना बागेसाठी हवी होती. थोडी इकडेतिकडे किरकोळ गेली. अगं, भाव चांगला आला. आणि तुझ्या दवाखान्याचं बिल कुठून भरलं असं वाटतं तुला?"

"ते बिल माझ्या आईनं भरलं."

हे त्याला खरंच आठवत नव्हतं, की मला आठवणार नाही असं वाटलं होतं, देव जाणे. मग म्हणाला, "बरं, खडीमशीनचा जबडा गेला होता. नवा घ्यायचा होता. बाबा म्हणाले, माती काय पळून जाते का, नंतर आणू."

"आणि गवत?"

"गवत काय?"

"मला ढिगाकडे नेलंस. गाडीतून उतरवून. ते गवत कशाला दाखवलंस?"

"तुला बरं वाटावं म्हणून!" हे तो इतक्या खरेपणानं म्हणाला की क्षणभर मलाच वाटलं, चूक माझी आहे.

तेवढ्यात सासरे आत आले. पत्र्याच्या भिंतीला कान असतातच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसले. रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं झालं असतं.

"हे बघ बाळा," ते म्हणाले, "साहेब बाहेरून मोजतात. आतून कुणी मोजत नाही. आजवर कुठल्या खाणीत मोजलं नाही. संध्याकाळी तू उभी राहा, नेहमीसारखं छान समजावून सांग. लोक माझं ऐकत नाहीत, ह्याचं ऐकत नाहीत. पोर कडेवर घेऊन तू बोललीस की ऐकतात."

"म्हणून मला पुढं केलंत?"

"म्हणून म्हणजे? तुला येतं म्हणून. आराखडा काय खोटा आहे का? एक नंबर आराखडा आहे. पैसे आले की मातीपण आणू."

"माती लागेल तेव्हा दगड संपलेला असेल. मग पैसे कुठून येतील, बाबा? आणि नाही आणली तर? गल्लीच्या दारात उभा कडा राहील. आपल्या खिडकीखाली राहील. हिला मी किती कड्या लावू?"

सासरे नवऱ्याकडे बघायला लागले. नवरा काट्याच्या आकड्यांकडे बघत म्हणाला, "तोवर आपण इथं असणार आहोत का?"

मी ऐकलं, पण कळायला वेळ लागला. मी त्या टेबलावर बसून तळं काढत होते, उतारावर कुठलं झाड कधी फुलेल ते त्याला सांगत होते, भिंगरी दहा वर्षांची होईल तेव्हा कुठं सायकल चालवेल ते बोटानं दाखवत होते. तो "हं" म्हणत होता. तो त्या चित्रात कधी नव्हताच. त्यानं आम्हालाही त्यातून उचलून कुठल्याशा दुसऱ्या गावातल्या घरात नेऊन ठेवलं होतं, मला न विचारता.

घरी येऊन मी भिंगरीला आंघोळ घातली, डोकं दोनदा धुतलं. ती झोपल्यावर तिच्या छातीला कान लावून बसले. श्वास स्वच्छ होता. मी माझ्याशी वाद घालत होते. गप्प बसले तर काय होईल? काही नाही. परवानगी मिळेल, पैसा येईल, आम्ही लांब राहायला जाऊ, माझी पोर सुरक्षित राहील. मग काकूंच्या दारात खड्डा. त्यांची नातवंडं सुट्टीत येतात. त्यांच्या दाराला कड्या कोण लावणार? आणि बोलले तर? तर या घरात मी कोण, हे मला ठाऊक नव्हतं. वेगळं घर, नोकरी, आईकडे परत, असे सगळे विचार येऊन गेले, आणि प्रत्येकाच्या शेवटी भिंगरी कुणाकडे, हा प्रश्न उभा होताच.

संध्याकाळी काट्याशेजारच्या शेडमध्ये सभा भरली. पुढच्या खुर्च्यांवर सासरे आणि टेपसाहेब. गल्लीतले लोक बाकांवर. नवरा भिंगरीला घेऊन खांबाला टेकून उभा होता. आज तिला माझ्याकडे दिलीच नाही त्यानं. मी आराखडा भिंतीवर लावला. कडे, उतार, मुरूम, तळं. आवाज नेहमीसारखाच निघत होता याचं मला आश्चर्य वाटत होतं. लोक ऐकत होते, पण कसे, तर एखाद्या पोरानं शाळा का बुडवली ते सांगावं आणि आईनं ऐकून घ्यावं, तसे.

टेपसाहेब कागद चाळत म्हणाले, "आणि मातीचा खर्च शून्य, कारण ढीग जागेवर आहे. बरोबर ना, ताई?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहून अगदी हलकी मान हलवली, लहान मुलाला पुढची ओळ आठवून द्यावी तशी.

"नाही," मी म्हणाले. "ढिगात माती नाही. वर वीतभर आहे. आत खडीमशीनची कच आहे. माती सगळी विकत आणावी लागेल, आणि तेवढी अनामत वाढवून घ्या. मगच परवानगी द्यायची का ते ठरवा."

मला वाटलं होतं, आता गलका होईल. कुणी ओरडेल, कुणी सासऱ्यांच्या अंगावर जाईल. काहीच झालं नाही. बाकावर नुसती चुळबूळ झाली. मग शिवणकामवाल्या काकू पदर सावरत म्हणाल्या, "आली बाई एकदाची गाडी रुळावर."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय, आमच्या दारावरून गेल्या ट्रॉल्या. आठवडाभर धुरळा खाल्ला. आम्हाला दिसणार नाही?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला? तू तर त्याला पाणी घालायचीस गं!" मागून कुणीतरी हसलं. काकू हसल्या नाहीत. "रोज बादली घेऊन जायचीस. मग येऊन सांगायचीस, सासरे म्हणाले माती पुढच्यांची आहे. आम्ही म्हणायचो, शिकलेली आहे, पण केवढी पक्की बाई! चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. आज सगळ्यांसमोर विचारणारच होतो तुला."

मला वाटत होतं, लोक माझ्यावर विश्वास ठेवतात. ते मला दारात उभी करून, पाणी देऊन, माझं खोटं बोलणं बघत होते. इतके महिने. आणि मी खोटं बोलतच नव्हते.

टेपसाहेबांचे कान लाल झाले होते. "मी बाहेरून मोजलं, पद्धत तशीच आहे," ते दोनदा म्हणाले. मग पेन मागून घेतलं, शून्य खोडलं आणि मला विचारलं, "थर किती धरायचा?" मी सांगितला. नवी अनामत सासऱ्यांनी ऐकली आणि उठून बाहेर गेले. जाताना माझ्याजवळून गेले, पण इंजिनीअर म्हणाले नाहीत, बाळ म्हणाले नाहीत. मी तिथं नव्हतेच.

लोकांनी ठरवलं, सगळी अनामत भरल्याशिवाय संमती नाही, आणि माती आली की ती खणून बघायला गल्लीतली दोन माणसं. मी म्हणाले, त्यात मी असेन. कुणीतरी म्हणालं, "तू नको, ताई. घरचंच माणूस नको." आवाज वाईट नव्हता. मला कळत होतं की ते बरोबर आहेत.

भिंगरी रडत होती. मी तिला नवऱ्याच्या हातून घेतलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "एवढं करायचं होतं तर आधी मला सांगायचंस तरी." मी त्याच्याकडे बघितलं. त्याला त्या वाक्यात काहीच विचित्र वाटत नव्हतं. मी गल्लीच्या बाजूनं चालायला लागले.

काकूंच्या दाराशी आल्यावर भिंगरीनं पाणी मागितलं. काकू कुलूप काढतच होत्या. "ये," म्हणाल्या. "मागं माठ आहे." मी मागच्या अंगणात गेले. तिथं दोन वाफे होते, मिरची आणि मेथीचे. टपोरी पानं. खाली काळी, भुसभुशीत, मुळांच्या केसांनी भरलेली माती.

मी पाण्याचा पेला हातात घेऊन नुसती बघत राहिले. काकूंनी माझी नजर पाहिली.

"हो," त्या म्हणाल्या. "एक ट्रॉली मीही घेतली. नवऱ्यानंच तुझ्या आणून टाकली. सगळेच घेत होते. स्वस्त होती."

"आणि सभेत मला पक्की बाई म्हणालात."

"मग? तुझ्या घरच्यांनी विकली, मी विकत घेतली. चोरली नाही." पण त्या माझ्याकडे न बघता मिरचीचं एक पिवळं पान तोडत होत्या. "वाईट वाटलं तुला?"

किती जणांबद्दल वाईट वाटून घ्यायचं, हे मला समजेना. नवरा, सासरे, आता या. आणि सभेतल्या त्या बाकांवरच्यांपैकी कुणाकुणाच्या अंगणात काय होतं, कोण जाणे.

"परत द्याल?" मी विचारलं.

"काय?"

"माती. माळाची आहे. माळाला लागणार आहे."

काकू बघत राहिल्या. मस्करी आहे का ते शोधत असाव्यात. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझे पैसे गेलेत त्यात. आधी तुझ्या नवऱ्याला माझे पैसे परत करायला सांग. मिरची निघाली की मग ने."

"बरं," मी म्हणाले.

भिंगरीला पाणी पाजलं, पेला विसळून पालथा ठेवला. घरी आले तर नवरा पायऱ्यांवर बसला होता, चपला न काढता. "कुठं होतीस?" त्यानं विचारलं.

"काकूंकडे. त्यांचे एका ट्रॉलीचे पैसे द्यायचेत आपल्याला. आणि बाकी ट्रॉल्या कुणाकुणाकडे टाकल्यास ते मला आत्ता सांग."

"वेड लागलंय का तुला?"

"बंगल्यांपासून सांग," मी म्हणाले, आणि भिंगरीला कडेवर घेऊन त्याच्यासमोर खालच्या पायरीवर बसले.